बारीक दाण्याची फिल्म, तरीही फोटो धूसर का?

डार्करूममध्ये काम करणाऱ्या बंधूंसाठी काही अनुभवाच्या गोष्टी

वसई, नालासोपारा आणि विरार या पट्ट्यात फोटो स्टुडिओचा व्यवसाय करणारे आमचे अनेक बंधू आहेत. डिजिटल कॅमेरा व कॉम्प्युटर आल्यापासून त्यांच्या दुकानातील डार्करूम बहुतेक ठिकाणी बंद पडल्या. कुठे तिथे झेरॉक्सचे मशीन बसले, तर कुठे तिची अडगळीची खोली झाली. तरीही काळ्यापांढऱ्या फिल्मचे काम अगदीच संपलेले नाही. आज दोन प्रकारचे ग्राहक हे काम घेऊन येतात. एक म्हणजे पुन्हा फिल्मकडे वळलेले हौशी छायाचित्रकार व कला महाविद्यालयांतील विद्यार्थी. दुसरा ग्राहक आपल्याच मोहल्ल्यातील असतो. घरातील जुन्या पेटीत वडिलांची किंवा आजोबांची निगेटिव्ह सापडते आणि त्याला तिचा मोठा फोटो हवा असतो. काम थोडे आहे, परंतु त्याला दाम चांगला मिळतो. म्हणूनच ग्राहकाची अपेक्षाही मोठी असते.

या कामात नेहमी ऐकू येणारी तक्रार अशी की, फिल्म महागाची व बारीक दाण्याची वापरली, तरी मोठा केलेला फोटो शार्प येत नाही. दोष फिल्मवर किंवा मूळ निगेटिव्हवर टाकला जातो. एकेकाळी आम्हीही असेच केले होते.

सोपाऱ्याच्या एका गृहस्थांनी आमच्याकडे वडिलांची एक निगेटिव्ह आणली होती. ३५ मि.मी.ची, वडील आखातात नोकरीला निघाले त्या वेळी काढलेली. वडिलांचे निधन झाले होते आणि चेहरा समोरून दिसेल असा घरात हा एकच फोटो होता. त्यांना १२×१५ इंची प्रिंट हवी होती. आम्ही तीन कागद खर्च केले, तिन्ही धूसर आले. शेवटी आम्ही त्यांना सांगितले की, मूळ निगेटिव्हच शार्प नाही, यापेक्षा चांगला फोटो निघणार नाही. ते काही न बोलता निगेटिव्ह घेऊन निघून गेले. काही महिन्यांनी आमच्या स्वतःच्या, मंद गतीच्या उत्तम फिल्मवरील प्रिंटही तशाच धूसर येऊ लागल्या. तेव्हा आम्ही प्रथमच निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर ठेवून भिंगाने पाहिली. निगेटिव्ह अगदी रेखीव होती. दोष आमच्या खोलीतच होता.

फिल्म किती देऊ शकते?

थोडा हिशेब करू. ३५ मि.मी.च्या निगेटिव्हची चौकट २४×३६ मि.मी. असते. ८×१० इंचाची प्रिंट काढताना ती सुमारे साडेआठ पट मोठी होते, १२×१५ साठी सुमारे पावणेतेरा पट. माणसाचा डोळा २५ सें.मी. अंतरावरून एका मिलीमीटरमध्ये साधारण ५ रेषाजोड्या वेगळ्या ओळखू शकतो. म्हणजे ८×१० ची प्रिंट डोळ्याला शार्प वाटावी यासाठी निगेटिव्हवर दर मिलीमीटरला सुमारे ४२ रेषाजोड्या पुरतात आणि १२×१५ साठी सुमारे ६४ लागतात.

कोडॅकने १९८६ साली बाजारात आणलेल्या टी-मॅक्स १०० या फिल्मची क्षमता त्या कंपनीच्याच माहितीपत्रकानुसार ठळक विषयासाठी दर मिलीमीटरला २०० रेषा व फिक्या विषयासाठी ६३ रेषा अशी आहे. इल्फर्डची पॅन एफ प्लस ही ५० गतीची फिल्मही बारीक दाण्यासाठी प्रसिद्ध आहे. यावरून स्पष्ट होते की, कॅमेरा हलला नसेल आणि फोकस बरोबर असेल, तर अशा फिल्मवर भिंतीवर लावण्याजोग्या प्रिंटपुरता तपशील असतोच. तो कागदापर्यंत पोहोचत नाही, कारण वाटेत कुठे तरी गळती होते. डेव्हलपर, निगेटिव्हचा सपाटपणा, एन्लार्जरची पातळी, हादरे, भिंग, फोकस आणि कागद अशी ही साखळी आहे. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते. फिल्म बहुधा सर्वांत पक्की कडी असते.

डेव्हलपर : दाणा वेगळा, धार वेगळी

दाणा बारीक असणे आणि कडा धारदार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. कोडॅकचा डी-७६ हा डेव्हलपर १९२७ पासून चालत आला आहे. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम व बोरॅक्स म्हणजे टाकणखार २ ग्रॅम असे त्याचे प्रमाण आहे. स्वतः तयार करणाऱ्यांनी आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल आणि त्यानंतर उरलेले सल्फाइट टाकावे. सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल नीट विरघळत नाही.

एवढे सल्फाइट चांदीच्या दाण्याच्या कडा किंचित विरघळवते. त्यामुळे दाणा मऊ दिसतो, परंतु चित्राची धारही थोडी बोथट होते. फिल्मच बारीक दाण्याची असेल, तर दाणा आणखी मऊ करण्याची गरज नसते. अशा वेळी डी-७६ बरोबरीच्या पाण्यात पातळ करून एकदाच वापरावा व फेकून द्यावा. कडा अधिक स्पष्ट येतात. वेळ मात्र त्या प्रमाणासाठी दिलेलीच घ्यावी.

दुसरी काळजी तापमानाची. तक्त्यातील वेळ बहुधा २० अंशांची असते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणीच त्याहून कितीतरी गरम असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ भरून ती टबात ठेवावी. बर्फ सरळ डेव्हलपरमध्ये टाकू नये, तो पातळ होतो. २० अंश साधत नसतील तर २४ अंशांवर काम करावे आणि तक्त्याप्रमाणे वेळ कमी करावी. डेव्हलपर, हायपो व धुण्याचे पाणी यांच्या तापमानात फार फरक नसावा. थंड डेव्हलपरमधून काढलेली फिल्म एकदम गरम पाण्यात टाकल्यास दाणा उठून दिसू शकतो.

जास्त एक्स्पोज झालेली किंवा जास्त वेळ डेव्हलप केलेली काळीभोर निगेटिव्ह शार्प प्रिंटची शत्रू आहे. तिच्यात प्रकाश पसरतो, दाणा मोठा दिसतो आणि एन्लार्जरचा दिवा बराच वेळ चालू ठेवावा लागतो. त्यातून पुढचा दोष निर्माण होतो.

निगेटिव्ह फुगते

आमच्या खोलीतील पहिला दोष हाच होता. एन्लार्जरमधील निगेटिव्ह दिव्याच्या उष्णतेने मध्यभागी फुगते. आपण थंड निगेटिव्हवर फोकस करतो, दिवा बंद करतो, कागद ठेवतो आणि पुन्हा दिवा लावतो. एक्स्पोजर चालू असताना फिल्म आपली जागा सोडते. फोकस केलेली निगेटिव्ह एक आणि छापलेली निगेटिव्ह दुसरी, असा हा प्रकार होतो.

येथेही हिशेब उपयोगी पडतो. ८×१० ची प्रिंट एफ ८ वर काढताना निगेटिव्ह तिच्या जागेवरून वर किंवा खाली फार तर ०.१ मि.मी. सरकलेली चालते. खाली कागदाच्या बाजूला मात्र सुमारे ७ मि.मी.पर्यंत सूट असते. अनेक कारागीर फोकस करताना कागदाच्या जाडीची चिंता करतात. त्या जाडीने फरक पडत नाही. वरच्या बाजूला केसाएवढी हालचाल मात्र सगळे बिघडवते.

उपाय साधे आहेत. दिवा लावून एक-दोन मिनिटे निगेटिव्ह गरम होऊ द्यावी, मग शेवटचा फोकस करावा आणि निगेटिव्ह थंड होण्यापूर्वी लगेच एक्स्पोजर द्यावे. दिव्याखालची उष्णता शोषणारी काच काढून ठेवली असेल तर ती परत बसवावी. मोठ्या प्रिंटसाठी काचेचा कॅरियर उत्तम. त्यात फिल्म सपाट राहते. मात्र काचेमुळे धूळ बसण्याच्या जागा वाढतात. पावसाळ्याच्या दमट हवेत फिल्मची चकचकीत बाजू काचेला चिकटून इंद्रधनुष्यासारखी कडी उमटतात. त्यासाठी वरच्या बाजूला खडबडीत पृष्ठभागाची अँटी-न्यूटन काच वापरावी.

पातळी आणि हादरे

निगेटिव्ह, भिंग आणि खालचा पाट या तिन्ही पातळ्या एकमेकींना समांतर हव्यात. नसतील तर मधला भाग शार्प व एक कोपरा धूसर येतो. तपासण्यासाठी फिल्मच्या सुरुवातीचा पूर्ण काळा झालेला तुकडा घ्यावा. त्यावर सुईने दोन्ही कर्णांच्या रेषा ओढाव्यात, तो कॅरियरमध्ये बसवावा आणि भिंग पूर्ण उघडे ठेवून मध्यभागी फोकस करावा. मग चारही कोपरे फोकसरने पाहावेत. एखादा कोपरा बिघडलेला दिसल्यास पाटाखाली किंवा भिंगाच्या पट्टीखाली पुठ्ठ्याची पाचर देऊन दुरुस्ती करता येते. यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही.

आमच्या खोलीतील दुसरा दोष हादऱ्यांचा होता. आमचे टेबल रेल्वेच्या दिशेच्या भिंतीला टेकलेले होते. आपल्या भागात लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या व मालगाड्या यांची ये-जा जवळजवळ चोवीस तास असते. वसई रोडहून दिव्याकडे जाणारा फाटाही मालगाड्यांचा आहे. हादरा डोळ्याला जाणवत नाही, पण उंच खांबावरचे एन्लार्जरचे डोके डोलते. भिंगाच्या तुलनेत निगेटिव्ह ०.०२ मि.मी. हलली, तर १२×१५ च्या प्रिंटवर ती पाव मिलीमीटरची पुसट रेघ होते.

याची परीक्षा घेण्यासाठी एन्लार्जरच्या डोक्यावर आरशाचा छोटा तुकडा चिकटवावा. स्थिर ठेवलेल्या टॉर्चचा झोत त्यावर सोडावा आणि समोरच्या भिंतीवर पडणारा ठिपका पाहावा. गाडी जाताना ठिपका थरथरला, तर दोष सापडला. टेबल भिंतीपासून दूर घ्यावे. शक्य असल्यास तळमजल्यावर काम करावे. अर्धवट हवा भरलेली जुनी ट्यूब, तिच्यावर कडप्प्याची जड लादी आणि त्यावर एन्लार्जर, अशी बैठक आम्ही केली. लादी पातळीत आहे ना, हे मात्र वरचेवर पाहावे लागते. शिवाय दिवा लावण्यापूर्वी भिंगाखाली काळा पुठ्ठा धरावा, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग पुठ्ठा काढावा. हाताच्या स्पर्शाने आलेले कंप तोवर शांत होतात. गाडीचा आवाज येत असेल तर ती जाईपर्यंत थांबावे.

भिंग आणि फोकस

३५ मि.मी.साठी ५० मि.मी.चे आणि ६×६ सें.मी.च्या निगेटिव्हसाठी ७५ किंवा ८० मि.मी.चे भिंग लागते. पूर्ण उघड्या भिंगात कोपरे कच्चे राहतात. पूर्ण उघड्यापासून दोन किंवा तीन घरे बंद करावे, म्हणजे एफ २.८ चे भिंग एफ ५.६ किंवा ८ वर आणावे. एफ १६ वर नेल्यास फोटो अधिक शार्प होतो ही समजूत चुकीची आहे. छिद्र फार लहान झाले की प्रकाश कडेवर वळतो व सगळ्याच चित्राची धार कमी होते.

समुद्र व खाडीच्या शेजारी राहणाऱ्यांनी भिंगावरील बुरशीकडे लक्ष द्यावे. भिंगातून टॉर्च मारून पाहिल्यास जाळीसारखे धागे किंवा धुके दिसते. असे भिंग प्रकाश विखुरते आणि काळा रंग राखाडी होतो. काम झाल्यावर भिंग काढून सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

फोकस करताना बारीक दाण्याची फिल्म एक वेगळी अडचण आणते. जलद फिल्मचा दाणा फोकसरमध्ये वाळूसारखा दिसतो, पण मंद फिल्मचा दाणा जेमतेम दिसतो. त्यामुळे आपण अंदाजाने थांबतो. भिंग पूर्ण उघडून फोकस करावा, दाणा दिसत नसेल तर चित्रातील एखादी तीक्ष्ण कड पकडावी आणि ज्या घरावर प्रिंट काढायची तिथे भिंग बंद करून पुन्हा एकदा पाहावे. काही जुन्या भिंगांचा फोकस घर बदलताच सरकतो. चाळिशी लागलेल्यांनी आधी फोकसरमधील रेघ आपल्या डोळ्याला स्पष्ट दिसेल अशी लावून घ्यावी. तसे न केल्यास यंत्र बरोबर आणि डोळा चूक, असे होते.

कागद आणि लाल दिवा

पुष्कळदा फोटो धूसर नसतो, फक्त फिका असतो. कडेच्या एका बाजूचा काळा आणि दुसऱ्या बाजूचा पांढरा यांत पुरेसा फरक नसेल, तर डोळा त्याला शार्प म्हणत नाही. निगेटिव्ह मऊ असेल तर दोन नंबरऐवजी तीन नंबरचा कागद किंवा तसा फिल्टर घ्यावा. चकचकीत कागदावर तपशील अधिक दिसतो. मात्र जास्त कडक कागदाने आणलेली धार दिखाऊ असते. ती चेहऱ्यावरचे बारीक भाव खाऊन टाकते.

सेफ लाइट खरोखर सेफ आहे का, हेही तपासावे. एका कागदाला एन्लार्जरखाली हलका राखाडी रंग येईल एवढाच प्रकाश द्यावा. नंतर त्यावर नाणे ठेवून तो सेफ लाइटखाली ५ मिनिटे राहू द्यावा आणि डेव्हलप करावा. नाण्याची खूण दिसली तर तो दिवा रोज आपले कागद खराब करत आहे असे समजावे. दिवा दूर न्यावा किंवा बदलावा. पूर्वी ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा 'इंदू' कागद सर्वत्र मिळत असे. तो कारखाना बंद पडला. आता कागद मुख्यतः परदेशातून येतो व महाग पडतो. एक कागद वाया जाणे म्हणजे त्या कामातील नफाच वाया जाणे होय.

एका वेळी एकच गोष्ट बदला

प्रिंट धूसर आली की आपण घाईने फिल्म, डेव्हलपर, कागद असे सगळेच बदलतो. मग दोष गेला तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेले शास्त्रज्ञ इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात अंधाऱ्या खोलीतील एक प्रयोग दिला आहे. छिद्राबाहेर अनेक दिवे ठेवले, तर आत तितकेच प्रकाशाचे ठिपके पडतात. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका नाहीसा होतो, बाकीचे तसेच राहतात. कोणता ठिपका कोणत्या दिव्याचा, हे अशा रीतीने नक्की ठरते. डार्करूममध्ये काम करणाऱ्याने हीच पद्धत धरावी.

सर्वप्रथम निगेटिव्ह भिंगाने पाहावी. ती धूसर असेल तर दोष कॅमेऱ्याच्या वेळचा आहे आणि तसे ग्राहकाला सांगावे. ती रेखीव असेल तर प्रिंट पाहावी. मध्य धूसर व कडा शार्प असल्यास निगेटिव्ह फुगते आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू गेली असल्यास पातळी चुकली आहे. सगळीकडे एकाच दिशेने पुसट असल्यास हादरा आहे. सगळीकडे सारखेच मऊ असल्यास फोकस किंवा भिंग पाहावे. कडा बरोबर, पण काळा रंग काळा नसल्यास कागद व सेफ लाइट तपासावा.

हे सारे आम्ही केवळ कारागिरीसाठी लिहीत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा, लोकांना दिसावे म्हणून ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्याला विचारले. आपल्या कामातील उणीव ग्राहकाच्या निगेटिव्हवर ढकलणे हेही ओले धान्य ढिगाखाली दडवण्यासारखेच आहे. आम्ही ते जाणूनबुजून केले नव्हते. पण तपासल्याशिवाय सांगितले होते, आणि ऐकणारा माणूस वडिलांचा चेहरा गमावून घरी गेला होता.

एन्लार्जर दुरुस्त झाल्यावर आम्ही सोपाऱ्याला त्यांच्या घरी गेलो, चूक कबूल केली आणि निगेटिव्ह पुन्हा मागून घेतली. या वेळी १२×१५ च्या प्रिंटमध्ये वडिलांच्या टोपीवरची वीण मोजता येत होती. त्यांनी पैसे विचारले, आम्ही घेतले नाहीत. ते आमचेच जुने देणे होते.

ज्या बंधूंकडे अजून एन्लार्जर आहे त्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी सुईने खरवडलेला फिल्मचा तुकडा आणि आरशाचा तुकडा घेऊन एक रात्र त्याच्याजवळ बसावे. कदाचित यंत्र अजून चांगले असेल. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.